पाणी न येणाऱ्या दिवशी शाळा बघायला जा

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. मिस्टर यंत्रमाग कारखान्यात आहेत, मी घरी टॉवेलच्या कडा शिवते. मोठी मुलगी जूनमध्ये पहिलीला जाईल. घरापासून पाच मिनिटांवर महापालिकेची मराठी शाळा आहे. सासूबाई आणि जाऊबाई म्हणतात, तिथं घालू नका, इंग्लिश मीडियमला घाला. ती शाळा रिक्षानं अर्ध्या तासावर, आणि फी-रिक्षा धरून वर्षाला ३० हजारांच्या पुढं जातं. घरात आम्ही तेलुगू बोलतो. मुलीला मराठी येतं ते गल्लीत खेळून आलेलं, तेवढंच. मनपाच्या शाळेत मी एकदा जाऊन आले. भिंतीवर छान चित्रं आहेत, तिथल्या बाई गोड बोलल्या. पण त्यावरून काय कळणार? माझं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत. शाळा चांगली का वाईट, हे माझ्यासारखीनं ओळखायचं कसं?
– एक आई, सोलापूर

उत्तर : तुमचं सातवीपर्यंतचं शिक्षण या कामाला पुरतं. मी ३४ वर्षं महापालिकेच्या शाळांत शिकवलं आणि एवढ्या काळात माझ्या वर्गाची सगळ्यात खरी तपासणी केली ती एका विडी कामगार आजीनं. तिला अक्षरओळखही नव्हती. तेव्हा माझ्याकडं तिसरीचा वर्ग होता. तिचा नातू वर्गात धडाधडा वाचायचा. पर्यवेक्षक आले की मी त्यालाच उभं करायची. एक दिवस आजी विड्या कारखान्यात देऊन परत जाताना शाळेत आली, पिशवीतून एक लग्नपत्रिका काढली आणि म्हणाली, “बाई, ह्याला हे वाचायला लावा. पुस्तक नको. बहिणीचं ऐकून ऐकून पुस्तक पाठ झालंय ह्याचं.” पत्रिकेवर गणपतीचं चित्र होतं आणि त्याखाली ‘श्री मार्कंडेय प्रसन्न’ असं छापलेलं. पोरानं त्या अक्षरांखालून बोट फिरवलं आणि म्हणाला, “गणपती बाप्पा मोरया.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सात महिने तो माझ्यासमोर बसत होता. पुढं रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास त्याला घेऊन बसले. चौथी संपता संपता तो वाचायला लागला, सावकाश, पण समजून. तिसरीचं वर्ष मात्र त्याचं माझ्या हातून गेलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघते आणि तुम्हालाही तीच बघायला सांगते. हुशार पोरावरून शाळेची पारख करू नका. हुशार पोर कुठंही शिकतं. जे मागं राहिलंय, त्याच्याकडं शाळेचं लक्ष आहे का, ते बघा.

सुरुवात शाळेत जाऊन करू नका, गल्लीतूनच करा. त्या शाळेत तिसरी-चौथीला जाणारी चार-पाच मुलं तुमच्या आसपास नक्की असतील. त्यांना घरी बोलवा, शेंगदाण्याची चिक्की द्या, घाबरवू नका. शाळेचं पुस्तक सोडून दुसरं काहीतरी सोपं समोर ठेवा, चार-पाच ओळींची गोष्ट किंवा लहान मुलांच्या पुरवणीतला मजकूर. वाचून झालं की तुमच्या तेलुगूत विचारा, “काय झालं गोष्टीत?” तेलुगूत सांगता आलं म्हणजे कळलं. मग कागदावर ५२ वजा ३७ लिहून द्या. दोनातून सात जात नाहीत, मग पोर काय करतं ते नीट बघा. जे दशक सोडवून १५ उत्तर काढतं, त्याला कुणीतरी मनापासून शिकवलेलं असतं. जे उलटं सातातून दोन काढून २५ लिहितं, त्याला रीत सांगितलेली असते, पण ते का चुकलं हे कुणी शेजारी बसून बघितलेलं नसतं.

ही माझ्या डोक्यातून निघालेली परीक्षा नाही. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलांना असंच तपासते. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशा चार पायऱ्या त्यात असतात. सरकारनंही ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू केलं, त्याचं म्हणणं हेच की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत. म्हणजे तिसरीच्या पोराकडून तुम्ही जास्त काही मागत नाही आहात.

पाचातली चार मुलं वाचत असतील, तर लोकांचं ऐकू नका, मुलीचं नाव तिथं घाला. एकच वाचत असेल तर घालू नका, आणि का घातलं नाही ते मुख्याध्यापकांना तोंडावर सांगून या. पट टिकवायला शिक्षक मे महिन्यात घरोघर फिरतात, मीही फिरले आहे. आईनं असं स्पष्ट कारण दिलं की ते महिनाभर डोक्यातून जात नाही. मधलंच काही दिसलं तर पुढचं वाचा.

मुलांच्या वह्या मागा. स्वच्छ अक्षराची वही मुद्दाम दाखवली जाते, ती बाजूला ठेवा. गल्लीतलं जे पोर अडखळलं त्याचीच मराठीची वही उघडा. मी एका शाळेत पाहिलेल्या दोन वह्या अजून माझ्या डोळ्यांपुढं आहेत. एका वहीत पोरानं ‘पाणि’, ‘नदि’ असं लिहिलेलं, खाली लाल शाईची मोठी बरोबरची खूण आणि तारीख. तीन आठवड्यांनंतरच्या पानावर पुन्हा ‘पाणि’, पुन्हा बरोबरची खूण. दुसऱ्या वहीत वेलांटीभोवती छोटं गोल, शेजारी बाईंनी लिहिलेलं ‘पाणी’, आणि त्याखाली पोराच्या हातानं पाणी, पाणी, पाणी. पुढच्या आठवड्यात ‘विहीर’ चुकली होती, पण ‘पाणी’ बरोबर होतं. दोन्ही बाई एकाच शाळेतल्या, एकाच पगारातल्या. म्हणून शाळा बघताना पहिलीला कोण बाई येणार आहेत, हेही विचाराच. पहिलीचा वर्ग सगळ्यात अनुभवी आणि सगळ्यात शांत माणसाकडं दिलेला असेल, तर मुख्याध्यापकांना शाळा कळते असं समजा. नव्यानं आलेल्या किंवा निवृत्तीला सहा महिने उरलेल्या माणसाकडं तो ढकललेला असेल, तर विचार करा.

आता भाषेचं, कारण तुमच्या मुलीच्या बाबतीत मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या भागातली किती तरी मुलं पहिलीत “अक्का आलं”, “अम्मा गेलं” असं बोलतात. काही शिक्षक हसतात, काही ओरडतात. पोराची चूक नसते हो. तेलुगूत अम्मा आली तरी ‘वच्चिंदी’ आणि बस आली तरी ‘वच्चिंदी’, बाई आणि वस्तू यांना क्रियापदाचं रूप एकच. पोर आपल्या घरच्या व्याकरणानं बरोबरच बोलत असतं. जी बाई हे जाणते, ती त्याला तोडत नाही, “हो का, अक्का आली का?” असं म्हणून बरोबर वाक्य त्याच्या कानावर घालते आणि पुढं जाते. पहिलीच्या वर्गाबाहेर दहा मिनिटं उभ्या राहा आणि मूल तेलुगूत काही बोललं की बाई काय करतात ते ऐका. त्यांना तेलुगू बोलता यायलाच पाहिजे असं नाही. “पाणी म्हणजे नीळ्ळू” एवढं जरी फळ्यावर आलं, तरी पोराला वाटतं की आपलं घर या वर्गात चालतं. तेलुगू माध्यमाची मनपा शाळा जवळ असेल तर तीही जरूर बघा, फक्त पुढं हायस्कूल कुठलं हे आधी विचारून घ्या.

शाळेत जाल तेव्हा कळवून जाऊ नका. आणि दिवस निवडायचा तर तुमच्या भागात नळाला पाणी न येणारा दिवस निवडा. आपल्या गावात पाण्याची पाळी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाणी आलेल्या दिवशी कुठलीही शाळा स्वच्छ दिसते. पाळीच्या मधल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीनंतर, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार उघडा. बादलीत पाणी असेल, आतून कडी लागत असेल, तर त्या शाळेत कुणीतरी रोज टाकीची काळजी करतं. कुलूप असेल आणि किल्ली कार्यालयात असेल, तर तुमची मुलगी सकाळपासून पाणी न पिता बसेल. मी अशा मुली पाहिल्या आहेत. त्या चौथ्या तासाला डोकं धरून बसतात आणि शिक्षक म्हणतात, लक्ष नाही. मुलामुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी हे शिक्षणहक्क कायद्यात लिहिलेलं आहे. कुणाकडं मेहेरबानी मागायची नाही.

खिचडीची वेळ साधली तर उत्तम. पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. मुलं ताट संपवतात का सांडतात, आणि शिक्षक तिथं उभे असतात का, एवढं बघून या.

रंगवलेल्या भिंती, फाटकावरचा शिष्यवृत्तीधारकांचा फलक, कपाटातले टॅब, याला मी फारसा भाव देत नाही. फलकावर तीन मुलांचे फोटो असतात. बाकीच्यांचं काय, हे विचारायला आपण गेलोय. ग्रंथालय विचारलं आणि पुस्तकं कोरी करकरीत निघाली तर त्याचा अर्थ तुम्हाला कळेलच. मला कोपरे दुमडलेली, हळद लागलेली पुस्तकं आवडतात.

राहिलं इंग्लिश मीडियम. त्या शाळेला माझा विरोध नाही, पण परीक्षा तीच लावा. तिथं तिसरीला जाणारं ओळखीतलं मूल गाठा, इंग्रजी चार ओळी वाचू द्या आणि अर्थ तेलुगूत विचारा. वाचलं सुरेख आणि अर्थ सांगता येईना, तर माझ्या त्या पोराची लग्नपत्रिका आठवा. आणखी एक विचारा, तिथल्या शिक्षकांचं डी.एड. झालंय का. महापालिकेच्या शाळेत प्रशिक्षणाशिवाय नेमणूक होत नाही. छोट्या खासगी शाळांत बारावी झालेली मुलगी थोडक्या पगारावर वर्ग सांभाळताना मी पाहिली आहे. तिची कष्टाची तयारी असते, पण पहिलीच्या पोराला वाचायला शिकवणं हे शिकून घ्यायचं काम आहे. तुमची मुलगी घरी तेलुगू, गल्लीत मराठी बोलते. त्यात शाळेत तिसरी भाषा आणि रोज तासभर रिक्षात. सहा वर्षांच्या जीवाला हे फार होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. मराठी पक्कं झालं की इंग्रजी येतं, आणि मनपाच्या शाळेतही इंग्रजी पहिलीपासून विषय म्हणून असतंच. सासूबाईंना हे सांगताना त्या पाच मुलांना घरीच बोलवा आणि परीक्षा त्यांच्यासमोरच घ्या. माझ्या शंभर वाक्यांपेक्षा त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : बाई, आम्ही मोहोळ तालुक्यातले. वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी, ३१ मुलं आणि दोनच शिक्षक. एक गुरुजी पहिली-दुसरीला, दुसरे तिसरी-चौथीला एकत्र बसवतात. शेजारच्या गावच्या संस्थेच्या शाळेची गाडी दारात येते आणि तिथं प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक आहे. वस्तीवरची निम्मी माणसं मुलं तिकडं घालायला निघालीत. आम्ही काय करावं?
– एक शेतकरी पालक

उत्तर : दोन शिक्षक हे कमी नाहीत. कायद्यानं पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यायचे असतात. तुमच्याकडं एका शिक्षकामागं पंधरा-सोळा मुलं आली. संस्थेच्या शाळेत एका वर्गात किती बसतात ते मोजून या, मग तुलना करा.

जोडवर्गात बघायचं ते वेगळंच. गुरुजी पहिलीला अक्षर गिरवून देत असतात, तेव्हा दुसरीची मुलं काय करतात? हात बांधून बसलेली असतील किंवा एकच पाढा दहादा लिहीत असतील, तर रोजचा अर्धा दिवस वाया जातो. एकमेकांना वाचून दाखवत असतील, बिया-काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करत असतील, एखादी दुसरीची पोरगी पहिलीच्या पोराचं बोट धरून अक्षर दाखवत असेल, तर तुमच्या गुरुजींना जोडवर्ग चालवता येतो. माझ्या नोकरीत मला चार वर्ग वेगळे मिळाले, पण सुरुवातीची दोन वर्षं जोडवर्ग होता. खरं शिकवायला मी तिथंच शिकले.

लहान वस्तीची शाळा म्हणजे कमी दर्जाची, हे आपल्या जिल्ह्यानं तरी म्हणू नये. रणजितसिंह डिसले गुरुजी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायचे. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम सगळ्यांना माहीत आहे. आता प्रत्येक वस्तीला असे गुरुजी मिळणार नाहीत. तुम्हाला तेवढे लागतही नाहीत. वेळेवर येणारे आणि प्रत्येक पोर कुठं अडकलंय ते नावानिशी सांगणारे गुरुजी पुरेत. सरळ विचारा, “गुरुजी, दुसरीतल्या कुणाला अजून जोडाक्षरं येत नाहीत?” पटकन तीन नावं सांगितली, तर माणूस भरवशाचा. “सगळ्यांना येतात” असं उत्तर आलं, तर मी काळजी करेन.

आणखी एक खूण सांगते, ती तुमच्या भागातच बघायला मिळेल. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या उभ्या राहतात. त्या कोपीवरची मुलं तुमच्या शाळेत येऊन बसतात का? वर्षाच्या मधेच आलं म्हणून कुणाही मुलाला दारातून परत पाठवता येत नाही, त्याच्या वयाचा वर्ग द्यावा लागतो आणि मागं पडलेला अभ्यासही करून घ्यावा लागतो. जे गुरुजी स्वतः कोपीवर जाऊन त्या मुलांना बोलावून आणतात, त्यांच्या हाती तुमचं पोर द्यायला मला तरी भीती वाटणार नाही.

गाडी दारात येते हे सोयीचं आहे, मान्य. पण वस्तीवरची दहा मुलं निघून गेली की पट घसरतो, पट घसरला की एक शिक्षक हलवला जातो, आणि मग राहिलेल्यांना खरंच वाईट शाळा मिळते. निर्णय तुमचाच. तो घेण्याआधी वस्तीवरच्या चार पालकांनी मिळून शाळा व्यवस्थापन समितीत बसावं एवढं मी सांगेन. त्यात तीनचतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तुमच्या घरच्यांना पाठवा. आया वह्या बघतात, बाप्ये कंपाउंडवर बोलत बसतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : नात मनपाच्या शाळेत दुसरीला आहे. शिकवणं चांगलं आहे, पण बाई सारख्या कुठल्या ना कुठल्या सरकारी कामाला गेलेल्या असतात. याला शाळेचा दोष धरायचा का?
– एक आजोबा, जुळे सोलापूर

उत्तर : बाईंचा दोष धरू नका. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं मदतकार्य ही कामं शिक्षकांना कायद्यानंच करावी लागतात. त्यापलीकडची कामं दिली जात असतील, तर ती शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत लेखी मांडा. इतिवृत्तात नोंद झाली पाहिजे, तोंडी बोलणं हवेत जातं.

शाळेला विचारायचं ते हे, की बाई नसतील त्या दिवशी दुसरी कोण घेतं. चांगल्या शाळेत ते आदल्या दिवशी ठरलेलं असतं. शेजारच्या वर्गाच्या बाई येतात, फळ्यावर काम लिहितात, मुलं बसून करतात. नातीला रोज संध्याकाळी “आज काय शिकवलं” असं विचारू नका, मुलं “काही नाही” म्हणतात. बाई नसतील त्या दिवशी तिची वही उघडून तारीख बघा. तारखेखाली काहीतरी लिहिलेलं असेल, तर शाळा चालू आहे. दोन-तीनदा तारीखच सापडली नाही, तर वही घेऊन मुख्याध्यापकांकडं जा, बाईंकडं नको.